नवा एसएमपीएस आणि ‘बोर्ड गेला’ हा निकाल

डेस्कटॉप संगणकाला वीज पुरवणारा भाग, म्हणजे बाजारात ज्याला सर्रास एसएमपीएस म्हटले जाते तो स्विच्ड मोड पॉवर सप्लाय, बदलल्यानंतरही संगणक सुरू झाला नाही तर मदरबोर्ड निकामी झाला असे समजावे, हा दुरुस्तीच्या व्यवसायातील जणू नियमच होऊन बसला आहे. संगमनेर शहरातील दुकानांत, तालुक्यातील दूध संकलन केंद्रांवर, पतसंस्थांच्या शाखांत आणि शाळांच्या संगणक कक्षांत तो इतक्या सहजपणे उच्चारला जातो की त्यामागे काही तपासणी झाली आहे का, हे विचारण्याचे ग्राहकालाही सुचत नाही. या नियमाला तांत्रिक आधार नाही आणि त्याची किंमत ज्यांना मोजावी लागते त्यांना ती परवडणारी नसते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

नियमाच्या समर्थकांचे म्हणणे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यात काही तथ्यही आहे. पुरवठा नवाकोरा असल्याने तो निर्दोष आहे, असे ते धरून चालतात. कॅबिनेटमधील पंखे फिरत असल्याने वीज बोर्डापर्यंत पोहोचली आहे, हा त्यांचा दुसरा मुद्दा. जुना एसएमपीएस जळताना बोर्डालाही घेऊन जातो, हा अनुभवातून आलेला तिसरा. आणि जुन्या संगणकावर तासभर तपासणी करण्याची मजुरी कोणी देत नाही, हा चौथा व्यावहारिक मुद्दा. चारही मुद्दे ऐकताना पटतात. प्रश्न इतकाच आहे की त्यांवरून ‘बोर्ड गेला’ हा निष्कर्ष निघतो का.

त्यासाठी संगणक सुरू होण्याचा क्रम समजून घ्यावा लागेल. घरगुती २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह एसएमपीएसमध्ये शिरताच एकदिश केला जातो आणि आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो. तो अतिशय वेगाने चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेला जातो आणि शेवटी १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा तीन मुख्य लाइन बाहेर पडतात. इंटेलने १९९५ मध्ये ठरवलेल्या एटीएक्स मानकानुसार पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, नारिंगी ३.३ व्होल्टची आणि काळी तार परतीची असते. यांखेरीज तीन तारा अशा आहेत की ज्यांच्याकडे लक्ष न देता केलेले कोणतेही निदान अपुरे राहते. जांभळ्या तारेवर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट असतात आणि बटन दाबल्याची दखल घेण्यापुरता बोर्ड त्यावर जागा राहतो. बटन दाबले की बोर्ड हिरवी तार काळ्या तारेशी जोडतो आणि पुरवठ्याला सुरू होण्याची आज्ञा देतो. पुरवठा सुरू होऊन सर्व लाइन स्थिरावल्या की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांच्या आत करड्या तारेवर ५ व्होल्ट येतात. ‘वीज ठीक आहे’ असा हा निरोप मिळेपर्यंत बोर्ड प्रोसेसरला कामाला लावत नाही. ज्या नव्या पुरवठ्यांच्या सर्व तारा काळ्या असतात त्यांत २४ पिनांच्या प्लगवरील क्रमांक पाहावा लागतो: हिरव्या तारेची जागा १६ वी, करड्या तारेची ८ वी आणि जांभळ्या तारेची ९ वी.

हा क्रम ध्यानात घेतला की पंखे फिरण्याचा पुरावा किती तोकडा आहे ते कळते. पंख्यांना लागणारे १२ व्होल्ट २४ पिनांच्या मोठ्या प्लगमधून मिळतात, तर प्रोसेसरला लागणारी वीज वेगळ्या वाटेने येते. पेंटियम ४ च्या वेळी, म्हणजे २००० मध्ये, प्रोसेसरची भूक वाढल्याने त्याच्याजवळ १२ व्होल्टचा स्वतंत्र चार पिनांचा प्लग आला आणि पुढे अनेक बोर्डांवर तो आठ पिनांचा झाला. हा प्लग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरचा पंखा आणि कॅबिनेटची मागची भिंत यांच्या बेचक्यात असतो. जुना एसएमपीएस काढताना तो प्लग दिसत नाही, बोटाने चाचपडून खटका दाबावा लागतो, आणि नवा बसवताना त्याची तार पुरवठ्याच्या पेटीखाली दुमडून राहते किंवा प्लग अर्धाच आत जातो. तेवढ्या एका चुकीने पंखे फिरतात, दिवा लागतो आणि पडदा मात्र काळा राहतो. ‘पॉवर येते, पण डिस्प्ले नाही’ असे ज्याचे वर्णन केले जाते ती ही अवस्था, आणि तिच्यात बोर्ड पूर्णपणे निर्दोष असू शकतो.

एसएमपीएस बदलणे म्हणजे एक पेटी काढून दुसरी बसवणे, ही समजूतच मुळात चुकीची आहे. या कामात कॅबिनेटमधील बहुतेक जोडण्यांना हात लागतो. २४ पिनांचा प्लग घट्ट असतो. तो उपटताना आणि दाबताना बोर्ड वाकतो, शेजारच्या खाचेतील रॅम एका टोकाने उचलली जाते, आणि धूळ बसलेल्या जुन्या संपर्कांवर एवढी हालचालही पुरेशी ठरते. कॅबिनेटच्या पुढच्या बटनाची दोन पिनांची बारीक तार निसटते आणि मग संगणक पूर्ण निपचित वाटतो. ग्राफिक्स कार्डाचा सहा पिनांचा प्लग राहून जातो, किंवा कार्ड असताना मॉनिटरची केबल बोर्डावरील पोर्टला जोडली जाते. यांतील प्रत्येक दोष फुकटात दूर होणारा आहे. सर्व प्लग खटका ऐकू येईपर्यंत पुन्हा बसवणे, रॅम काढून तिचे संपर्क पुसून परत घालणे, बटनाच्या दोन पिना पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडून पाहणे आणि बोर्डावरचा छोटा सेल काढून सेटिंग मूळ स्थितीला आणणे, एवढे झाल्याखेरीज बोर्डाविषयी काहीही बोलणे घाईचे आहे.

पुरवठा नवा आहे म्हणून तो निर्दोष आहे, या युक्तिवादाचा अधिक विस्ताराने समाचार घेणे भाग आहे, कारण ग्राहकाची दिशाभूल सर्वांत जास्त त्यानेच होते. नवेपणा हा वस्तूच्या वयाचा गुण आहे, तिच्या कुवतीचा नाही. स्वस्त पुरवठ्याच्या खोक्यावर ४५० वॉट असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, पण बाजूच्या चिकटपट्टीवर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर असा आकडा असेल, तर त्या लाइनवर मिळणारी शक्ती गुणाकाराने १९२ वॉट एवढीच भरते. आणि आजचा प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड आपली बहुतेक वीज १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात. असा पुरवठा संगणक सुरू करतो आणि भार वाढताच तो पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करवतो. काही पुरवठ्यांच्या मागे ११५ आणि २३० व्होल्ट निवडण्याचा लाल खटका असतो. तो ११५ वर राहिला तर भारतीय वीजजोडणीवर वीज सुरू करताच पुरवठा आवाज करून जळतो, आणि त्या आवाजाचा दोष पुन्हा बोर्डाच्या माथी मारला जातो.

त्याहून धोक्याची बाब जोडतारांची आहे. ज्या पुरवठ्यांच्या तारा सुट्या करता येतात त्यांच्या पुरवठ्याकडील टोकाच्या मांडणीला कोणतेही मानक नाही. एका कंपनीच्या तारा दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसतात, पण पिनांचा क्रम निराळा असू शकतो आणि मग हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. आधीच ओवून ठेवलेल्या जुन्या तारा काढण्याचे श्रम वाचवण्यासाठी नव्या पेटीला त्याच जोडल्या, तर बोर्ड वाचला तरी डिस्क आणि तिच्यातील हिशेब जाऊ शकतात. प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा प्लग हेही दिसायला सारखे, पण त्यांतील पिवळ्या आणि काळ्या तारांच्या बाजू उलट्या असतात; पिनांचा आकार चुकीची जोडणी अडवण्यासाठी वेगळा ठेवलेला असतो, तो जोर लावून निष्फळ करू नये.

संगमनेरसारख्या बाजारात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. कार्यालये आणि सेवा केंद्रे अनेकदा मोठ्या शहरांतून आलेले डेल, एचपी किंवा लेनोव्हो कंपन्यांचे वापरलेले डेस्कटॉप घेतात. या यंत्रांच्या अनेक नमुन्यांत २४ पिनांचा प्लग नसतोच. सहा, आठ, दहा किंवा चौदा पिनांची त्या त्या कंपनीची स्वतःची जोडणी असते आणि बाजारातील सर्वसाधारण एसएमपीएस योग्य जोडकेबलीशिवाय त्यांना चालत नाही. डेलच्या १९९० च्या दशकाच्या अखेरीच्या काही यंत्रांत तर प्लग एटीएक्ससारखाच, पण तारांचा क्रम वेगळा होता, आणि त्यांना सर्वसाधारण पुरवठा जोडल्यास नुकसान अटळ होते. अशा यंत्राला मिळेल तो पुरवठा लावून ते सुरू झाले नाही म्हणून बोर्डाला मृत ठरवणे हे निदान नाही.

पुरवठा तपासण्याची जी पद्धत प्रचलित आहे तिच्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. हिरवी आणि काळी तार वायरच्या तुकड्याने जोडली की पुरवठ्याचा पंखा फिरतो आणि तेवढ्यावर ‘एसएमपीएस ओके’ असे जाहीर होते. या चाचणीतून पुरवठा भाराशिवाय सुरू होऊ शकतो, एवढीच माहिती मिळते. भाराखाली व्होल्टेज टिकते का, करड्या तारेवरचा निरोप वेळेवर येतो का, यांपैकी काहीही तिच्यातून कळत नाही. खरी तपासणी साध्या मल्टिमीटरने, प्लग बोर्डात बसलेला असताना त्याच्या पाठीमागून करायची असते. मानकाने मुख्य लाइनना पाच टक्क्यांची सूट दिली आहे. म्हणजे १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान आणि ३.३ व्होल्टची ३.१४ ते ३.४६ च्या दरम्यान असली पाहिजे. जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट नसतील तर बटन दाबून काही होणार नाही आणि दोष बोर्डाऐवजी पुरवठ्यात किंवा त्याच्या अलीकडे शोधावा लागेल. जांभळी तार ठीक आहे पण बटन दाबल्यावर हिरव्या तारेवरचे व्होल्टेज शून्याकडे उतरत नसेल, तर बटन, त्याची तार आणि मग बोर्ड असा क्रम लागतो. सर्व लाइन ठीक आणि करडी तार मात्र शून्यावर असेल तर नवा पुरवठाच सदोष आहे. चार-पाच तारांवर मल्टिमीटरची टोके टेकवायला लागणारा वेळ पाहिला तर मजुरी परवडत नाही हा चौथा युक्तिवाद आपोआप गळून पडतो.

अर्थिंगचा प्रश्न या भागात वेगळ्याने मांडावा लागतो. नवा एसएमपीएस बसवल्यावर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, तेव्हा ‘नवा पुरवठा बॉडीला करंट देतो’ किंवा ‘बोर्ड लीक आहे’ असे सांगितले जाते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. चांगल्या पुरवठ्याच्या तोंडाशी विजेतील गोंगाट अडवणारी गाळणी असते आणि तिच्यातील दोन छोटे कपॅसिटर फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांना पेटीच्या धातूशी जोडतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब तरंगत राहतो आणि स्पर्श करणाऱ्याला चिमटे बसतात. स्वस्त पुरवठ्यांत ही गाळणी खर्च वाचवण्यासाठी गाळलेली असते, त्यामुळे जुन्या निकृष्ट पेटीने चिमटे बसत नव्हते आणि चांगल्या नव्या पेटीने बसतात, असा अनुभव येऊ शकतो. म्हणून चांगली वस्तू परत जाते आणि भिंतीतला दोष तसाच राहतो. हा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा प्रदेश आहे. प्रवरेकाठच्या मातीत ओल टिकते, पण चंदनापुरी घाट चढून पठार भागात गेले की खडक वर येतो, आणि उन्हाळ्यात पाणी न घातलेला अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून निरुपयोगी होतो. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या जवळपास व न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडे व्होल्टेज आहे का, एवढे तरी वायरमनकडून मोजून घेतल्याखेरीज झिणझिण्यांचा दोष संगणकावर टाकणे योग्य नाही.

यूपीएसचेही असेच आहे. चांगल्या नव्या पुरवठ्यांत अॅक्टिव्ह पीएफसी नावाचे परिपथ असते, जे विजेची ओढ व्होल्टेजच्या लाटेशी जुळवून घेते. टेबलाखालचे स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर गोल लाटेऐवजी पायऱ्यांची लाट देतात आणि या दोहोंचे प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. एरवी नीट चालणारा संगणक लाइट गेल्याक्षणी बंद पडत असेल, तर बोर्ड बदलण्याआधी तो दुसऱ्या यूपीएसवर चालवून पाहावा.

आता जुना पुरवठा बोर्डाला घेऊन जातो या तिसऱ्या युक्तिवादाकडे वळता येईल, आणि त्यात सत्यांश आहे हे मान्यच केले पाहिजे. मानकानुसार १२ व्होल्टची लाइन १५.६ व्होल्टच्या वर जाण्याआधी पुरवठ्याने स्वतःहून बंद पडायला हवे. हे संरक्षण नसलेला किंवा ते निकामी झालेला पुरवठा मरताना बोर्ड, डिस्क, रॅम यांपैकी काहीही जाळू शकतो. पण शक्यता आणि पुरावा यांत अंतर आहे. जळालेल्या बोर्डावर फुगलेले कपॅसिटर, प्रोसेसरजवळचा काळवंडलेला मॉसफेट किंवा जळका वास अशा खुणा अनेकदा सापडतात; खुणा नसल्या तरी वीज पूर्ण तोडून प्रोसेसरच्या प्लगमधील पिवळ्या आणि काळ्या पिनांमधला रोध मोजता येतो आणि तो जवळजवळ शून्य असेल तर त्या मार्गात शॉर्ट आहे असे म्हणता येते. पंखा क्षणभर हलून थांबत असेल तर पुरवठ्याचे संरक्षण कामाला लागले आहे हे खरे, परंतु शॉर्ट हार्ड डिस्कमध्ये, डीव्हीडी ड्राइव्हमध्ये किंवा पुढच्या यूएसबी पोर्टच्या वाकलेल्या पिनेतही असू शकतो. म्हणून एकेक भाग सोडवत बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमची एकच पट्टी एवढ्यावर संगणक चालवून पाहणे, आणि शक्य असेल तर चालू असलेल्या दुसऱ्या संगणकाचा पुरवठा लावून पाहणे, या कसोट्यांनंतरही यंत्र निपचित राहिले तरच बोर्डावर संशय घेणे रास्त ठरते. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही घरी उघडू नये; वीज तोडल्यानंतरही आतील कपॅसिटरवर जीवघेणा दाब राहू शकतो.

या तपशिलाचा आग्रह का धरायचा, याचे उत्तर दूध संकलन केंद्रावर मिळते. तेथील संगणकाला वजनकाटा आणि फॅट मोजणारे यंत्र जोडलेले असते, आणि जुन्या जोडण्या अनेकदा सिरियल पोर्टच्या, म्हणजे नऊ पिनांच्या जुन्या पद्धतीच्या असतात. बोर्ड गेला असे ठरले की प्रश्न एका भागापुरता राहत नाही. २०११ च्या सुमारास आलेल्या एलजीए ११५५ सॉकेटचा प्रोसेसर आणि त्याची डीडीआर३ रॅम आजच्या पिढीच्या बोर्डावर बसत नाहीत, म्हणून दोन्ही नव्याने घ्यावी लागतात. जुन्या एच६१ चिपसेटचे बोर्ड मिळाले तरी त्यांवर सिरियल पोर्ट असेलच याची खात्री नसते. बोर्डाशी जोडलेल्या विंडोजच्या परवान्याचा प्रश्न उभा राहतो. आणि जुने संकलनाचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेल की नाही हे शेवटी कळते. तोपर्यंत सकाळ-संध्याकाळचे संकलन वहीवर येते, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट वगळता दुधातील घन पदार्थ, हाताने लिहिले जातात आणि उत्पादकाच्या बिलात चूक होण्याची वाट मोकळी होते. पतसंस्थेच्या छोट्या शाखेत किंवा ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या केंद्रात यापेक्षा फार वेगळे घडत नाही. अर्धवट बसलेल्या चार पिनांच्या प्लगसाठी एवढी उलथापालथ होत असेल तर ती थांबवण्याची जबाबदारी निदान करणाऱ्यावरच येते.

काढून टाकलेल्या बोर्डाचाही विचार झाला पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम लागू आहेत आणि संगणकाचे भाग नोंदणीकृत पुनर्वापर यंत्रणेकडे जावेत अशी त्यांत अपेक्षा आहे; चालू स्थितीतील बोर्ड भंगारात घालणे हा त्या यंत्रणेवरचा अनावश्यक भार आहे.

संगमनेरात १९८३ पासून अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. मल्टिमीटर हाताळू शकणाऱ्या तरुणांची येथे वाण नाही. दुरुस्ती करणाऱ्यांनी तपासणीची मजुरी दुरुस्तीपासून वेगळी आणि उघडपणे आकारावी. ती मागण्यात संकोचण्यासारखे काही नाही आणि ती मिळू लागली की घाईने निकाल देण्याचे कारणही उरत नाही. ग्राहकांनी ती मजुरी कुरकुर न करता द्यावी, आणि बोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाल्यास जांभळ्या, पिवळ्या, लाल, नारिंगी आणि करड्या तारेवर मोजलेली व्होल्टेज, प्रोसेसरचा प्लग पुन्हा बसवून पाहिला का आणि दुसरा पुरवठा लावून पाहिला का, एवढे पावतीच्या मागे लिहून मागावे. ते लिहून मिळेपर्यंत नव्या बोर्डाचे पैसे देऊ नयेत आणि जुना बोर्ड दुकानात सोडून येऊ नये.